शेठच्या बॅनरची नक्षी

"मावशी, शेठचा फोटू मोठा, आमचे बारके. आन् मधी एक गोष्ट लपवायचीय. व्हईल?"

सुगंधाने हे काउंटरवर वाकून, आजूबाजूला बघत विचारलं. मी तेव्हा एका हळदीच्या निमंत्रणावर गणपती बसवत होते. मी म्हटलं, "वाढदिवसाच्या बॅनरमध्ये लपवायचं ते वय. आणखी काय लपवायचंय तुला?" ती हसली नाही. मग मी माऊस बाजूला ठेवला.

आधी माझं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भिवंडीत माझं डिझाइनचं दुकान आहे. या जागेत पूर्वी आमचे कापडाचे लूम धडधडायचे. ते भंगारात गेले, जागा राहिली, जागेत कॉम्प्युटर आला. माझी शाळा सातवीपर्यंत. हे काम मला कुणी शिकवलं नाही, बघत बघत आणि चुकत चुकत शिकले. इंग्रजी कमांड मला अर्थाने येत नाहीत, कुठल्या कोपऱ्यात आहेत ते पाठ आहे. कंट्रोल झेड तेवढं अर्थासकट येतं. केलेलं मोडून एक पाऊल मागे जायचं. संसारात ही सोय असती तर, असो.

कामं कसली, तर लग्नपत्रिका, हळद, नवीन गाडी घेतली, पोरगी दहावी पास झाली, आणि सगळ्यात जास्त वाढदिवस. आमच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरचं एक शास्त्र आहे. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, फेटा बांधलेला, पाठीमागे उजेड. खाली ओळीने शुभेच्छुकांचे गोल फोटो. कुणाचा गोल केवढा आणि कुणाच्या शेजारी, यावरून भाऊबंदकी होते. मी या गोलांपायी दोन घरांची बोलचाल बंद पडलेली पाहिली आहे.

आता सुगंधा. डोंगराकडच्या पाड्यातली बाई. घरची थोडी शेती, ती पावसाळ्यापुरती. बाकी वर्षभर वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला. गोडाऊन शेठचं. शेठची जमीन होती, तिच्यावर गोडाऊन उभं राहिलं, आत माल दुसऱ्याच मोठ्या कंपनीचा. या बाया लोखंडी माळ्यावर खोकी भरतात. माळ्याला दोन वाटा. एक पुढचा जिना, तो मेन गेटकडे जातो. दुसरी मागे, छोटा जिना आणि खाली एक दार, काही झालं तर पळायला.

"त्या दाराला कुलूप हाय," सुगंधा म्हणाली.

"का?"

"माल चोरीला जातो म्हणून. आमी साडीत खोकी लपवून नेतो जसं काय! मागं एकदा पंख्याची वायर जळाली. धूर झाला. सगळ्या मागं धावलो, तर दार बंद. पुढच्या जिन्यावर खोकी रचलेली. धूर आपला आपण गेला म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी हाय."

"मग सांगितलं नाहीस कुणाला?"

"शारदानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा गेटपास चालंना."

आठ-दहा दिवसांत ऑडिट होतं. ऑडिट म्हणजे इथे जमाखर्चाची तपासणी नव्हे. माल ज्या कंपनीचा, तिची माणसं येऊन बघतात, की जागा धड आहे का, माणसं धड आहेत का. मागच्या वेळी दोन बाया आधीच पढवून पुढे केल्या होत्या. या वेळी येणाऱ्या मॅडमने कळवलं होतं, आम्ही कुणालाही उभं करू, कुणालाही विचारू.

"एकीनं सांगितलं तर एकीचं काम जातं," सुगंधा म्हणाली. "सगळ्यांनी एकच सांगितलं तर खोकी कोण भरंल? पण सगळ्यांना एकच कसं कळवायचं?"

मला वाटलं, यात काय एवढं, एकीने दुसरीला सांगावं. तर ते करून झालं होतं. खारबावची बस वेगळी, अंजूरची वेगळी, पाड्यांची जीप वेगळी. जेवणाची सुट्टी तुकड्या-तुकड्यांनी. यूपीकडच्या बाया आणखी तिसऱ्याच शिफ्टला. आणि बोलण्याचं एक असतं, 'तुला कुणी सांगितलं' विचारत गेलं की माणूस पहिल्या तोंडापर्यंत पोचतोच. अर्ज करावा तर अर्जाखाली नाव लागतं.

राहिला मोबाईल. गोडाऊनचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, नाव 'परिवार'. परिवारात फक्त दिनेशने बोलायचं. दिनेश म्हणजे शेठचा ॲडमिनवाला, अंजूरचाच पोरगा, मी त्याच्या बारशाला गेले होते. ड्युटीवर येताना गेटवर मोबाईल त्याच्या हातात द्यायचा. तो सर्चमध्ये शब्द टाकायचा, दार, कुलूप, आग, ऑडिट. एका बाईने बहिणीला लिहिलं होतं, 'दाराला तोरण लावलं का', तिची अर्धा दिवस चौकशी झाली. गुड मॉर्निंग, देवाचे फोटो आणि शेठला शुभेच्छा, एवढं चालायचं. बाकी सगळं निगेटिव्ह.

त्यातच शेठचा वाढदिवस आला. हुकूम निघाला, की प्रत्येक सेक्शनने आपापलं डिजिटल बॅनर बनवायचं आणि प्रत्येकाने स्टेटसला ठेवायचं. पॅकिंगचं काम सुगंधावर आलं होतं. म्हणजे बघा, परिवारात प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये सक्तीने पोचेल आणि दिनेश बघून खूश होईल, अशी एकच वस्तू होती. ती माझ्या दुकानात बनायची होती.

मी म्हटलं, "होईल. काय लिहायचं?"

"एवढंच. कुणी विचारलं तर म्हणा, मागचं दार उघडून दाखवा."

आता लपवायचं कसं? मला आधी फार हुशारी सुचली. फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी असते. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला एक आकडा असतो. तो आकडा एकाने इकडे-तिकडे केला तर डोळ्याला काही कळत नाही, पण कॉम्प्युटरला कळतं. अशा बदललेल्या आकड्यांतून अक्षरं दडवून ठेवायचे प्रोग्राम मिळतात. मी व्हिडिओ बघून एक उतरवला. शेठच्या गालात सुगंधाचं वाक्य घातलं. गालावर तीळसुद्धा आला नाही. परत काढलं, अख्खं निघालं. मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला.

मग तोच फोटो सुगंधाच्या मोबाईलवर पाठवला, तिथून परत माझ्याकडे घेतला आणि उघडला. आत नुसता केरकचरा.

कारण साधं होतं. व्हॉट्सॲप फोटो हलका करून पाठवतं. गोधडी दाबून पिशवीत कोंबावी तशी. पलीकडे गोधडी निघते, पण घडीत ठेवलेला कागद चुरगळलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दाबला जात नाही. पण मग प्रत्येकीकडे तो उघडायचा प्रोग्राम हवा.

सुगंधा म्हणाली, "मावशी, आमच्या मोबाईलात भाच्याचा फोटू ठेवायला जागा न्हाय. त्यात तुमचा प्रोग्राम कुटं ठेवू?"

दुसरी युक्ती, वाढदिवसाचं गाणं बनवायचं, गाणं संपलं की थोडा वेळ शांत आणि मग माझा आवाज. ती ऐकूनच सुगंधाने कपाळाला हात लावला. "दिनेशभाऊ कँटीनला स्पीकरवर लावतील ना! तुमचा आवाज त्यांनी बारशापासून ऐकलाय."

मग मी माझ्या धंद्यातल्या जुन्या सवयीकडे वळले. आमच्या लाइनमध्ये डिझाइनची चोरी फार. माझं बॅनर घेतात, खालचं दुकानाचं नाव पुसतात, आपलं टाकतात. म्हणून मी माझं नाव नक्षीत घालते. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते हे किती बरं आहे बघा. बारीक अक्षरं सोनेरी करून एकाला एक लावून मांडली की रेघ सलग होते, खाली काना-वेलांट्या लोंबतात, आणि लांबून बघणाऱ्याला पैठणीचा काठ दिसतो. मोबाईलवर दोन बोटांनी फोटो ताणला की मगच वाचता येतं.

तसाच काठ शेठभोवती चारी बाजूंनी फिरवला. एक वाक्य मराठीत, एक हिंदीत, 'पीछे का दरवाज़ा खोलकर दिखाइए', मग पुन्हा मराठी. मध्ये मध्ये मोर. सुगंधाच्या फुटक्या काचेच्या मोबाईलवर पाठवून बघितलं. दाबलं गेलं तरी वाचता येत होतं. आणि बायांना काठ बघायला सांगायचं कसं? तेही तिनेच सोडवलं. बसमध्ये एकमेकींना म्हणायचं, "शेठच्या बॅनरचा काठ काय सुंदर हाय, नीट बघ." कुणी कान देऊन ऐकलं तरी कौतुकच ऐकू येणार.

सगळं तयार झालं आणि दुसऱ्या दिवशी दिनेश स्वतः दुकानात हजर.

"मावशे, फायनल करायच्या आदी मी बगणार. शेठचा मामला हाय."

मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. दिनेशने माऊस घेतला, झूम केलं, आणखी झूम केलं. स्क्रीनभर त्याचा चेहरा झाला. त्याच्या कानाला लागून माझा काठ, त्यात 'कुलूप' नव्हतं पण 'दार' चांगलं ठसठशीत दिसत होतं. मी मनात म्हटलं, संपलं.

"मावशे, यो काय प्रकार हाय?"

"काय झालं रे?"

"ट्रान्सपोर्टवाल्याचा गोल माज्यापेक्षा मोठा? त्याची लायकी हाय का?"

मी लगेच त्याचा गोल मोठा केला. तो मागे सरकला, मान तिरकी करून बघितलं, परत पुढे आला.

"नाक काळं दिसतंय."

नाक गोरं केलं.

"आन् ही नक्षी लय भारी हाय गो. पण बारीक वाटते. जाड कर ना. शेठला भरलेलं आवडतं."

"अरे, बारीकच शोभते…"

"जाड कर. मी सांगतो ना!"

काय करणार, गिऱ्हाईक देव. मी काठ जाड केला, म्हणजे अक्षरं मोठी झाली. झडती घेणाऱ्यानेच सांगितलं तर आपण कोण नाही म्हणणार? वर तो म्हणाला, "मला डॉक्युमेंट करून पाठव. फोटो पाठवलास का माजं तोंड फाटतं." म्हणजे मला जे जमवता आलं नव्हतं तेही त्यानेच जमवलं. एकही ठिपका न चुरगळता अख्खी फाईल त्याने आपल्या हाताने परिवारात टाकली, खाली ताकीद लिहिली, 'सर्वांनी स्टेटसला ठेवणे कम्पल्सरी. उद्या गेटवर चेक होईल.'

दोन दिवसांत सगळ्या बायांनी काठाचं कौतुक केलं. सुगंधाचा फोन आला, "मावशी, पोचलं सगळ्यांना. यूपीवाल्या तर माना डोलवतात नुसत्या." मी म्हटलं, झालं आपलं काम.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तिचाच फोन. आवाज पार उतरलेला.

"मावशी, शेठीणबायला डिझाइन आवडलं. दिनेशभाऊंनी तीच फाईल फ्लेक्सवाल्याला दिली. गेटवर लागलंय. वीस फुटी."

मी रिक्षा केली आणि वडप्याला गेले. हायवेला लागून गेट, गेटच्या बाजूला लोखंडी चौकट, चौकटीत शेठ. शेठच्या पायाशी, माणसाच्या छातीच्या उंचीवर, माझा काठ. मोबाईलवर मुंगीएवढं असलेलं अक्षर आता बोटभर उंच झालं होतं. मागचं दार उघडून दाखवा. मोर. पीछे का दरवाज़ा खोलकर दिखाइए. मोर. वीस फूट. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात सुबक काम आणि सगळ्यात मोठा घोटाळा, एकाच चौकटीत.

आणि बॅनर बनवून आणणारी कोण? सुगंधा. कुणी एकाने वाचून 'हे काय' म्हटलं असतं, की तिचा गेटपास बंद. दारही बंदच राहिलं असतं.

दिनेश तिथेच होता. मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, खाली नक्षीत जरा चूक राहिली आहे. उतरव, मी उद्या नवीन देते. माझ्याकडून."

"मावशे, येडी झालीस काय? वाढदिवसाच्या आदी फ्लेक्स उतरवतात? अपशकुन! शेठला कळलं तर मलाच उतरवतील." आणि मला कोपराने हलवत म्हणाला, "माजा गोल बगितलास का? हायवेवरून दिसतो!"

मी गेटसमोरच्या टपरीवर बसून राहिले. बघत होते, कोण वाचतंय. आणि जे बघितलं ते आयुष्यभर बॅनर बनवूनही मला कळलेलं नव्हतं. शुभेच्छुक येत होते. प्रत्येकजण सरळ आपल्या गोलाकडे जायचा, शेजारचा गोल मोजायचा, बोट दाखवून सेल्फी काढायचा आणि निघायचा. ज्यांचे फोटो नव्हते ते बघतच नव्हते. शेठ स्वतः गाडीतून उतरले, लांब जाऊन उभे राहिले, फेटा कसा दिसतो ते बघितलं, पोटावरून हात फिरवला, आत गेले.

वाचलं फक्त एकाने. नंबर लागायची वाट बघत बसलेला यूपीचा ट्रक ड्रायव्हर, त्याला दुसरा उद्योग नव्हता. त्याने सावकाश वाचलं आणि वॉचमनला विचारलं, "भैया, ये पीछे का दरवाज़ा किधर है?"

वॉचमन म्हणाला, "उधर ताला है. गाड़ी आगे से ही लगेगी."

"तो खोलके दिखाने को काहे लिखा है?"

"सेठ का बर्थडे है," वॉचमन म्हणाला, आणि तो विषय तिथे मिटला.

पुढचं सुगंधाने सांगितलेलं. ऑडिटची मंडळी आली. आमच्याकडे पाहुणा कुठल्याही कामाला येवो, आधी शाल आणि नारळ. शेठनी मॅडमना गेटवरच थांबवलं, बॅनरखाली उभं केलं, शाल घातली. फोटोग्राफर म्हणे 'अजून एक, अजून एक'. शाल दोनदा काढून तिसऱ्यांदा घातली, कारण दिनेश फ्रेममध्ये येत नव्हता. ते फोटो नंतर साफ करायला माझ्याकडेच आले. सगळे कॅमेऱ्यात बघून हसताहेत. मॅडमची तेवढी मान वळलेली आहे, खाली, काठाकडे. वाचलं असेल का? मी फोटो ताणून ताणून बघितला. डोळ्यांवर चष्म्याची चकाकी आहे, सांगता येत नाही.

शिफ्ट बदलायच्या वेळी माळ्यावर गेल्यावर मॅडमने एका बाईला विचारलं, काही अडचण? ती म्हणाली, मागचं दार उघडून दाखवा. दुसरीला विचारलं. पीछे का दरवाज़ा खोलकर दिखाइए. तिसरीला दिनेशने डोळे वटारले, तिने दिनेशकडे बघूनच म्हटलं, मागचं दार उघडून दाखवा. सुगंधाला विचारलंच नाही. ती म्हणाली, "मावशी, माज्या तोंडात वाक्य तसंच राहिलं बघा. आजून जिभेवर हाय."

मॅडम म्हणाली, "मग उघडा ना."

किल्ली सापडेना. ती शेठच्या मेव्हण्याकडे, मेव्हणा बाहेरगावी. कटर आणून कुलूप तोडलं. दार ढकललं तर ते उघडेना, बाहेरून काहीतरी टेकलं होतं. माणसं फिरून मागे गेली. तिथे मागच्या सगळ्या वाढदिवसांच्या चौकटी एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. त्या हलवायला चार माणसं लागली. मॅडम तोवर घड्याळ बघत उभी होती. मग तिने शेठना शांतपणे सांगितलं, हे दार उद्यापासून उघडं दिसलं नाही तर आमचा माल दुसऱ्या गोडाऊनला जाईल.

दुसऱ्या दिवशी दिनेश दुकानात आला. चेहरा पडलेला.

"मावशे, बायांना कुनी शिकवलं समजत न्हाय. समद्या एकच वाक्य बोलल्या, शाळेत कविता बोलतात तशा. मी समदे मोबाईल तपासले, चॅट, कॉल, समदं. शेठच्या बॅनरशिवाय काय सापडलं न्हाय."

"खरंच बाई नवल आहे," मी म्हटलं. आणि त्याला चहा दिला.

सुगंधाचं काम राहिलं. शारदालाही परत बोलावलं, कारण मॅडमने विचारलं होतं, आधी कुणी तक्रार केली होती का. दार उघडं झालं, पुढे पिवळा पट्टा मारला, जिन्यावरची खोकी हलवली. आता बाया दुपारी तिथे वाऱ्याला बसतात, म्हणून दिनेश चिडतो. पण बंद करायची हिंमत नाही.

मात्र शेठ हे शेठच. दार उघडलंय तर फुकट का उघडावं? त्यांनी उद्घाटन ठेवलं. दाराला लाल रिबीन बांधली. कात्रीचं ताट धरायला पॅकिंगमधून एक बाई मागितली, तर बायांनी सुगंधाला पुढे केलं. शेठनी रिबीन कापली, टाळ्या झाल्या. बॅनर अर्थात माझ्याकडूनच, 'कामगार भगिनींच्या सुरक्षेसाठी शेठची दूरदृष्टी'.

मी सुगंधाला म्हटलं, "राग नाही येत गं? केलं तुम्ही, नाव त्यांचं."

ती म्हणाली, "मावशी, त्यांनी ते सवताचं म्हनलं ना, मग आता ते त्याला कुलूप न्हाय लावायचे."

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण गिऱ्हाइकाची एवढी पारख मला नव्हती. तेव्हा माझ्यासारख्या कुणाला कधी काही लपवायची वेळ आली, तर प्रोग्रामबिग्रामच्या मागे लागू नका. ज्याच्यापासून लपवायचंय त्याचा फोटो मधोमध घाला, नाक गोरं करा, आणि त्याच्या हातात द्या. वाटायचं काम तोच करतो.